नाशिकची लेक, पडद्याआडच्या बायकांची वकील



कोर्टाच्या कामाला नाशिकला गेलात की आपण सीबीएसला उतरतो. जिल्हा न्यायालय तिथून चार पावलांवर. काळा कोट, पांढरी पट्टी, काखेत फायलींचा गठ्ठा, अशा कितीतरी मुली तिथं लगबगीनं जाताना दिसतात. आपल्याला त्याचं आता काही वाटत नाही. पण बाईनं कोर्टात उभं राहायचं की नाही, यावर या देशात तीस वर्षं घोळ चालला होता. तो घोळ ज्यांच्यापासून सुरू झाला त्या बाईंचा जन्म आपल्या नाशिकचाच. त्यांचं नाव कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १५ नोव्हेंबर १८६६.

नाव ऐकून बाई परदेशी वाटतात, पण तसं नाही. वडील सोराबजी खरशेदजी हे मूळचे पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला, त्यापायी समाजाचा रोष पत्करला आणि पुढे मिशनचं काम केलं. आपण ज्याला शरणपूर रोड म्हणतो ना, त्या शरणपूरला तेव्हा मिशनची वस्ती होती. आफ्रिकेतून गुलाम म्हणून पळवून नेताना सोडवलेली मुलंसुद्धा तिथं आणून शिकवली, सुतारकी-लोहारकी शिकवली. आजच्या गर्दीत त्याचा मागमूस सापडत नाही, पण नाव राहिलं आहे.

आई फ्रान्सिना. त्यांना लहानपणी एका इंग्रज जोडप्यानं दत्तक घेतलं होतं. पुढे कुटुंब बेळगावला आणि मग पुण्याला गेलं. पुण्यात या माउलीनं शाळा काढल्या. त्यांच्या व्हिक्टोरिया शाळेत निरनिराळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र शिकत. घरात प्रार्थना ख्रिस्ती, नेसणं पारशी पद्धतीचं, आणि दारात येणारी बाई कुठल्याही धर्माची.

या दारात येणाऱ्या बायकांचीच गोष्ट महत्त्वाची आहे. फ्रान्सिनाबाईंकडे बायका वारसाच्या, इस्टेटीच्या अडचणी घेऊन येत. एकदा एक श्रीमंत घरची विधवा आली. पडद्यात राहणारी, व्यवहार सगळा कारभाऱ्याच्या हातात. त्यानं तिच्याकडून कागद करून घेतले आणि मालमत्ता गिळली. फ्रान्सिनाबाईंना काही करता येईना. लहानगी कॉर्नेलिया हे पाहत होती. अशा बायकांना मदत करायची असेल तर कायदा शीक, असं आईनं तिला सुचवलं.

मुलगी शिकली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ती एकटी मुलगी. ती आली की वर्गाचं दार लावून घेणारी मुलंही होती. तरी मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवणारी पहिली बाई तीच. परीक्षेतल्या नंबरावर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. बाई म्हणून ती नाकारली, असं कॉर्नेलियाबाई पुढे सांगत. मग त्या अहमदाबादला गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागल्या. वर्गात सगळे पुरुष! विलायतेतल्या काही जणांनी वर्गणी काढली, त्यात परिचारिकांच्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईही होत्या, आणि १८८९ मध्ये कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डला पोचल्या.

तिथं त्या कायदा शिकल्या. १८९२ मध्ये परीक्षेला बसायचं तर विद्यापीठाला खास ठराव करावा लागला, कारण तोवर कायद्याच्या त्या परीक्षेला बाई बसलीच नव्हती. वर्ग मिळाला तिसरा. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण थोरांच्या गोष्टीत सगळ्यांना पहिलाच नंबर देण्याची आपल्याला खोड आहे. आणि परीक्षा उत्तीर्ण झाली तरी पदवी मिळाली नाही. बायकांना पदवी द्यायचा नियमच नव्हता.

१८९४ मध्ये त्या परत आल्या. काठियावाडच्या संस्थानांतल्या पडद्यातल्या बायकांचे अर्ज इंग्रज अधिकाऱ्यांपुढे नेण्याची खास परवानगी मिळाली, पण कोर्टात उभं राहायची सनद नाही. मुंबई विद्यापीठाची एलएलबी दिली. मग अलाहाबादला हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली. तरी सनद नाही! परीक्षा द्या, पास व्हा, आणि बाई म्हणून घरी जा.

त्यांनी दुसरी वाट काढली. जमीनदार वारला, मागे विधवा आणि अज्ञान मुलं राहिली, तर त्या इस्टेटीची देखरेख सरकार करत असे. त्या खात्याला कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणत. पण सरकारी साहेब पुरुष, आणि विधवा पडद्यात. कागद पडद्याआड जायचा, सही-शिक्का होऊन बाहेर यायचा. तो तिला कुणी वाचून दाखवला, खरा वाचला की खोटा, हे कोण बघणार? कॉर्नेलियाबाईंनी सरकारकडे धरणंच धरलं म्हणा ना, की इथं बाई हवी. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. पुढे बिहार, ओरिसा, आसामही त्यांच्याकडे आलं. पालखीतून, होडीतून प्रवास करायचा, जनानखान्यात बसायचं, बाईचं म्हणणं तिच्याच तोंडून ऐकायचं. मुलांचं शिक्षण, आजारपण, सासरच्यांची भांडणं, सगळं त्यात आलं. वीस वर्षांत सहाशेच्या वर बायका आणि पोरक्या मुलांना त्यांनी मदत केली. स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती, पण समोरच्या हिंदू किंवा मुसलमान बाईचे उपास, सोवळं-ओवळं सांभाळून बोलायच्या.

पडदा आपल्याकडे नाही, असं आपण म्हणतो. हक्कसोडपत्राचं काय? भाऊ नाशिकला घेऊन जातो, साडी होते, जेवण होतं, आणि सही कुठं करायची तेवढं बोट दाखवतात. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबातल्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाएवढा हक्क आहे. तो सोडायचा की ठेवायचा हे ज्या त्या बहिणीनं ठरवावं, पण कागद आधी वाचून घ्यावा. १९८७ च्या कायद्यानं बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे विचारायचं.

या घरातल्या बाकीच्या मुलीही कामाच्या निघाल्या. सूझी आईच्या वाटेनं गेल्या, त्यांनी पुण्यात सेंट हेलेना शाळा काढली. ॲलिस डॉक्टर झाल्या आणि पार सरहद्दीवर बन्नूला रुग्णसेवेत राहिल्या. कॉर्नेलियाबाईंनी लग्न केलं नाही. आईवडिलांवर आणि सूझीवर मात्र त्यांनी पुस्तकं लिहिली.

एक गोष्ट झाकून ठेवणं बरं नाही. कॉर्नेलियाबाई इंग्रज राज्याच्या बाजूच्या होत्या. गांधीजींची चळवळ त्यांना पटली नाही. आधी बायका शिकू द्या, स्वराज्याचं मग बघू, असा त्यांचा सूर. १९२७ मध्ये मेयो नावाच्या अमेरिकन बाईनं हिंदुस्थानची बदनामी करणारं पुस्तक लिहिलं, त्याचीही त्यांनी पाठराखण केली. त्यामुळे ज्या बायकांसाठी राबल्या, त्यांच्या संघटनाही दुरावल्या. आम्हाला वाटतं, इथं त्या चुकल्या. ज्या सायंकाळी जेलमध्ये बायका भरल्या जात होत्या, त्या बायकाही शिकतच होत्या की.

ऑक्सफर्डची पदवी अखेर १९२२ मध्ये हातात आली. परीक्षा देऊन तीस वर्षं झाली होती. १९२३ मध्ये कायदा झाला आणि बायकांना वकिलीची दारं उघडली. कॉर्नेलियाबाई तेव्हा छप्पन्न-सत्तावन्न वर्षांच्या. कलकत्त्याला त्यांनी रीतसर वकिली सुरू केली, पण बहुतेक काम मिळालं ते कागदावर मत लिहून देण्याचं. उभं राहून बाजू मांडायची संधी फारशी आलीच नाही. १९२९ मध्ये त्या निवृत्त होऊन लंडनला गेल्या. ६ जुलै १९५४ रोजी तिथंच त्यांचं निधन झालं. लंडनमधल्या लिंकन्स इन या वकिलांच्या जुन्या संस्थेत २०१२ मध्ये त्यांचा अर्धपुतळा बसवला आहे.