गर्द, सुई आणि एच.आय.व्ही. : महाराष्ट्रातील धोका व जाणीवजागृतीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
भारतातील एच.आय.व्ही. प्रसाराची चर्चा प्रामुख्याने लैंगिक संबंधांच्या अनुषंगाने होते. मादक द्रव्ये सुईने टोचून घेणाऱ्यांचा प्रश्न तीत मागे पडतो. वास्तविक राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) २०१७ च्या आकडेवारीनुसार देशातील या गटात एच.आय.व्ही.चे प्रमाण ६.२६ टक्के, तर एकूण प्रौढ लोकसंख्येत ०.२२ टक्के होते. महाराष्ट्राच्या संदर्भात या उपेक्षेची कारणे शोधणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

दोन स्वतंत्र प्रवाह :
१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर म्हणजेच 'गर्द' पसरली. अनिल अवचट यांच्या लेखनातून या व्यसनाची भीषणता मराठी वाचकांसमोर आली. पु. ल. देशपांडे यांच्या अर्थसाहाय्यातून व डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झाले. त्याच वर्षी मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन व सहकाऱ्यांना देशातील पहिले एच.आय.व्ही. बाधित रक्तनमुने आढळले. परंतु व्यसनमुक्ती आणि एड्स नियंत्रण हे प्रवाह दीर्घकाळ वेगळेच राहिले. गर्द मुख्यतः चंदेरी कागदावर (फॉइलवर) तापवून तिचा धूर ओढला जाई. त्यामुळे रक्तावाटे संसर्गाचा विचार झाला नाही. व्यसनमुक्तीचा भर संपूर्ण त्यागावर, तर एड्सविषयक प्रचाराचा भर निरोधवर होता. व्यसन न सुटलेला, सुई वापरणारा मनुष्य दोन्हींच्या कक्षेबाहेर राहिला.

सुई, कायदा आणि भीती :
वापरलेल्या सुईत व सिरिंजमध्ये रक्ताचा अंश उरतो. तीच दुसऱ्याने वापरल्यास विषाणू थेट रक्तात जातो. मणिपूरमध्ये १९८९-९० नंतर या मार्गाने संसर्ग झपाट्याने पसरला. सुई सामाईक वापरण्यामागे केवळ अज्ञान नसते. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हाच गुन्हा ठरला. जवळ सुई सापडली तर संशय येईल, या धास्तीने ती बाळगणे टाळले जाते आणि गरजेच्या क्षणी दुसऱ्याची सुई हाती येते. धोका माहीत असूनही तो टळत नाही, तो यामुळे.

धोरणातील बदल :
१९९५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'संकल्प' संस्थेने रस्त्यावरील व्यसनी व्यक्तींपर्यंत पोहोचून सुया बदलून देण्याचे कार्य केले. २००२ च्या राष्ट्रीय एड्स धोरणाने हानी कमी करण्याचे तत्त्व मान्य केले. २००७ पासूनच्या तिसऱ्या टप्प्यात टोचण्याऐवजी जिभेखाली ठेवण्याच्या ब्युप्रेनॉर्फिन गोळीचा उपचार राष्ट्रीय कार्यक्रमात आला. अखेर २०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्याच्या कलम २२ ने धोका कमी करणाऱ्या अशा उपायांना गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. १९८५ च्या कायद्यानंतर या संरक्षणासाठी बत्तीस वर्षे लागली.

निष्कर्ष :
१. महाराष्ट्रात धोका वाढण्यास माहितीच्या अभावाइतकीच शिक्षेची भीती कारणीभूत ठरली.
२. व्यसनमुक्ती व एड्स नियंत्रण यांची फारकत व्यसनी व्यक्तीस घातक ठरली.
३. या कार्याचा इतिहास मुख्यतः महानगरांचा आहे. दारव्ह्यासारख्या तालुक्यातील तरुण शिक्षण व रोजगारासाठी त्याच महानगरांत जातो. म्हणून रक्ततपासणी, समुपदेशन व व्यसनोपचार तालुका पातळीवर एकाच छताखाली मिळणे आवश्यक आहे. व्यसन सुटेपर्यंत मनुष्य जिवंत राहिला, तरच व्यसनमुक्तीला अर्थ उरतो.