बार्शी लाईट पुन्हा मांडताना

सोलापूर जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात बार्शी लाईट रेल्वेचा जुना नमुना आहे. लाकडी फळीवर रूळ, पत्र्याचे डबे, एक इंजिन. फळी वाळवीने खाल्ली, निम्मे रूळ नाहीसे झाले. शाळेने तो नव्याने बांधायला काढला आणि इतिहासाचा माणूस म्हणून मला विचारले. मुलांचा हट्ट एकच, गाडी गोल गोल फिरली पाहिजे. मी म्हटले, फिरू द्या की. पण ही गाडी एवढी लहान का होती, ते आधी त्यात दिसले पाहिजे.

कारण तो लहानपणा पक्का हिशेब करून पत्करलेला होता. बार्शी ही कापसाची आणि गळिताच्या धान्याची नामांकित पेठ, पण जी. आय. पी. रेल्वेचा मुंबईहून सोलापूरकडे जाणारा फाटा तिला वीस-एकवीस मैल बाजूला ठेवून गेला. त्या वाटेवरच्या स्टेशनाचे नाव होते ‘बार्शी रोड’, म्हणजेच आपले कुर्डुवाडी. तिथवर माल बैलगाडीने. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर पूर्वी याच जी. आय. पी.च्या नोकरीत होता. त्याच्या खटपटीने १८९५ साली लंडनला कंपनी निघाली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी गाडी धावू लागली.

मोठ्या लायनीच्या रुळांत ५ फूट ६ इंच अंतर, इथे २ फूट ६ इंच. पण कॅल्थ्रॉपची खरी अक्कल रुंदीपेक्षा वजनात दिसते. रूळ यार्डाला अवघे ३० पौंड वजनाचे. हलके म्हणून स्वस्त. मग इंजिन असो की मालडबा, कोणत्याही आसावर ५ टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा नियम. जोरकस इंजिन हवे तर भार जास्त आसांवर वाटा! लीड्सच्या किट्सन कारखान्याने केलेल्या पहिल्या इंजिनांना ओढणाऱ्या चाकांच्याच चार जोड्या होत्या, मागे आणखी दोन. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. ओल्या रानात गाडी रुतते ती एका चाकावर आलेल्या ओझ्याने. (हाच कॅल्थ्रॉप पुढे विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी हवाई छत्र्या करण्याच्या मागे लागला. माणूस मोठा उद्योगी!)

आता नमुन्याचे माप. मूळ वस्तूच्या ८७ व्या हिश्शाने काम करायचे ठरले. त्या प्रमाणात बार्शीच्या रुळांतले अंतर पावणेनऊ मिलिमीटर भरते. ९ मिलिमीटरचे तयार रूळ बाजारात मिळतात, तेव्हा तो प्रश्न मिटला. पण कुर्डुवाडी ते बार्शी हे अंतर त्याच हिशेबाने जवळजवळ ३९० मीटर होते! एवढी शाळा कुठून आणायची? म्हणजे काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवणे आलेच.

माझे मत असे पडले की, सगळे गाळा, पण कुर्डुवाडी ठेवा. जुन्या नमुन्यात दोन्ही लायनी एकाच मापाच्या होत्या आणि मुंबईची गाडी थेट बार्शीत शिरे. हे प्रत्यक्षात कधी शक्यच नव्हते. बार्शीकडून आलेले पोते कुर्डुवाडीला उतरायचे, हमालाच्या पाठीवरून पलीकडे जायचे आणि मोठ्या डब्यात चढायचे. रूळ स्वस्त पडले, त्याची ही किंमत. आणि ती वर्षानुवर्षे दर पोत्यामागे मोजावी लागली. म्हणून मोठ्या लायनीचे रूळ १९ मिलिमीटरवर मुलांनी हाताने ठोकले. चार रविवार गेले त्यात.

पुढे ही लाईन १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये निजामाच्या मुलखातल्या लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. एकूण २०२ मैल. वारीच्या दिवसांत डब्यांच्या टपांवरही माणसे बसत. कॅल्थ्रॉपने याच रुंदीची एक लाईन इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये उभारली. ती १९०४ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंदही पडली. आपल्या लायनीला पेठ आणि पांडुरंग असे दोन आधार होते, म्हणून ती टिकली असे मी समजतो. १९५४ च्या १ जानेवारीला सरकारने ती ताब्यात घेतली. एकविसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने तिचे ब्रॉडगेज झाले, आणि कुर्डुवाडीचे ते पोते उतरवणे-चढवणे संपले. गाडी गेल्याची हळहळ पुष्कळजण करतात. ते ओझे गेल्याची हळहळ मात्र कुणी हमाल करताना मला भेटला नाही.

शाळेतल्या फळीवर आता दोन लायनींच्या मधल्या फलाटावर काडेपेटीच्या निम्म्याने लहान अशी पोत्यांची थप्पी लागली आहे. हमाल अजून व्हायचे आहेत. निदान पंधरा तरी लागतील.