अंधारात कोण वळकतंय?

आईचं माहेर कराडच्या अलीकडं, शेणोलीच्या शिवारालगत. सासर वाळवे तालुक्यात. ती जन्मली तेव्हा दोन्हीकडं सातारा जिल्हाच होता. 1949 साली त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले, आणि 21 नोव्हेंबर 1960 ला दक्षिणेकडच्याचं नाव सांगली पडलं. आईला हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिनं ते मानलंही नाही. रेशनकार्डावर काही असो, कुणी गाव विचारलं की ती शेवटपर्यंत ‘सातारा जिल्हा’ म्हणायची.

7 जून 1943 ला शेणोलीजवळ क्रांतिकारकांनी रेल्वेच्या पगाराची गाडी अडवली. जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ ही नावं पुस्तकांत आहेत, असायलाच हवीत. आईला मात्र आठवायचं ते एवढंच, की त्या दिवसांत आजी पीठ नेहमीपेक्षा जास्त मळायची आणि का म्हणून विचारलं तर पाठीत धपाटा मिळायचा. रात्री परसदारी कुणीतरी यायचं. बुट्टीभर भाकरी, वर ठेचा, कांदे, फडक्यात बांधून पोरींनी गंजीपाशी ठेवून यायच्या, मागं न बघता. आई तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेल. जन्मतारखेची नोंद नव्हती, वय सगळं अंदाजानं.

मामा छातीठोक सांगायचा, “आमच्या घरी क्रांतिसिंह नाना पाटील जेवून गेलेत.” आमच्या भागात अशी घरं इतकी आहेत, की नानांना भूमिगत राहून रोज चार-चार ठिकाणी जेवावं लागलं असणार! आई हसायची. “अंधारात कोण वळकतंय? खाल्लं का न्हाई एवढंच बघायचं.” मला तिचंच खरं वाटतं. नाव कळलं असतं तर पोलिसांच्या दमदाटीत कुणाच्या तरी तोंडून गेलंही असतं. या क्रांतिकारकांचं प्रतिसरकार कसं चाललं यावर आता खूप लिहिलं जातं. न्यायदान, तुफान सेना सगळं असतं. पण त्या भाकऱ्यांचा हिशेब कुठंच सापडत नाही, कारण थापणाऱ्यांनीच तो ठेवला नाही.

तिचं लग्नही त्याच वाऱ्यातलं, ‘गांधी लग्न’. हुंडा नाही, वाजंत्री नाही, मानपान नाही. म्हणे भाषणं मात्र लांबली. वडील म्हणायचे गूळ-शेंगा वाटल्या. आई म्हणायची नुसता गूळ, शेंगा नंतर कुणीतरी गोष्टीत घातल्या.

कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, स्वयंपाकघरातली उतरंड कोसळली. आम्हाला अंगणात ओढून काढल्यावर ती परत आत गेली, विरजणाचं गाडगं आणायला. वडील केवढे ओरडले! ते दही आम्ही त्याच सकाळी शिळ्या भाकरीबरोबर खाल्लं. त्यानंतर घरातल्या सगळ्या घटना ‘भूकंपाआधी’ आणि ‘भूकंपानंतर’ अशा मोजल्या जायच्या, माझा जन्मसुद्धा.

2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी उंबऱ्याला लागलं. नव्वदीला टेकलेली आई नावेतून शाळेतल्या छावणीत गेली आणि पहिल्याच जेवणाला म्हणाली, “भाकरी जाड झाल्यात.” दुसऱ्या दिवशी ती चुलीपाशी बसून पोरींना थापायला शिकवत होती. पुढच्या उन्हाळ्याआधी ती गेली.

मागं राहिला तो चटणीचा वाद. चैत्रात मिरच्या वाळवून, खोबरं, तीळ, धने भाजून, हळकुंडं घालून डंकावर कांडून आणायची आणि मग घरी कांदा-लसूण मिसळायचा, इथवर सगळ्यांचं एकमत. थोरली म्हणते मिरची निम्मी ब्याडगी असायची. वहिनी म्हणते मुळीच नाही, सगळी संकेश्वरी. आईचं माप म्हणजे तिची ओंजळ, ते कागदावर कुठून उतरणार? यंदा दोन्ही तऱ्हेची थोडी थोडी करायची ठरलंय. डंकवाल्याला सांगून झालंय. खोबरं किसायचं तेवढं माझ्याकडं आलंय.