अर्ज न भरता मिळालेला प्रवेश

दिवाळीचा फराळ आणि यूकॅसचा अर्ज आपल्या घरांत साधारण एकाच सुमारास येतात. चकलीचे पीठ भिजत असते आणि जेवणाच्या टेबलावर विद्यापीठांची माहितीपत्रके पसरलेली असतात. यूकॅसच्या अर्जात पाच जागा भरता येतात. पण वैद्यकीला अर्ज करणाऱ्याला त्यांपैकी चारच ठिकाणी वैद्यकी लिहिता येते. पाचवी जागा दुसऱ्या विषयाला मोकळी राहते. या मोकळ्या जागेने आपल्या समाजात अनेक घरांत भूकंप घडवले आहेत, कारण चिरंजीव किंवा कन्या तिथे हळूच लिहितात: चित्रपटनिर्मिती, बी.ए., तीन वर्षे.

मग व्हायचे ते होते. आई म्हणते, "छंद म्हणून कर की, कोण नाही म्हणतंय?" बाबा नोकरीचे काय ते विचारतात. आजी भारतातून फोनवर म्हणते, की सिनेमा शिकायला शाळा कशाला हवी, आम्ही तर घरी न सांगता शिकलो! या वादात आम्हाला कोणाची बाजू घ्यायची नाही. पण हा वाद मराठी घरात नवा आहे, असे जे आपण समजतो ते खरे नाही, एवढे सांगायचे आहे. सिनेमा शिकण्यासाठी एक मराठी माणूस लंडनला आला त्याला शंभरावर वर्षे झाली. वाद तेव्हाही झाला, पैशाचा प्रश्न तेव्हाही होता, आणि त्या माणसाला प्रवेश कसा मिळाला ही हकिगत आजचा अर्ज भरतानाही उपयोगी पडेल अशी आहे.

मुंबईत सिनेमा आला तो ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. लंडनला रीजंट स्ट्रीटवरच्या पॉलिटेक्निकमध्ये ल्युमिएर बंधूंचा खेळ झाला होता त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. म्हणजे आपण पाच महिनेही मागे नव्हतो. पाहण्यात मागे नव्हतो, करण्याची गोष्ट निराळी. करण्याच्या खटपटीत तीन मराठी माणसे दिसतात आणि तिघांचाही धागा या देशाशी जुळलेला आहे.

पहिले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा. व्यवसायाने छायाचित्रकार. त्यांनी ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्सकडून एकवीस गिनींना कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून मायदेशी उतरले, त्या स्वागताचेही चित्रण त्यांनी केले. परदेशात शिकून आलेल्या मराठी मुलाच्या स्वागताची फिल्म! विमानतळावर व्हिडिओ घेण्याची आपली हौस किती जुनी आहे पाहा.

दुसरे दादासाहेब तोरणे. त्यांचे 'श्री पुंडलिक' मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ रोजी लागले. ते रंगभूमीवरच्या नाटकाचे चित्रण होते, कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवली होती. पहिला भारतीय चित्रपट कोणता, यावर आजही कोणी कोणी वाद घालतात तो यावरूनच.

तिसरे धुंडिराज गोविंद फाळके. यांनी कॅमेरा टपालाने मागवला नाही आणि फिल्म बोटीने पाठवली नाही. ते स्वतः बोटीत बसले. ही सगळी विद्या डोक्यात आणि हातात घेऊन परत यायचे, म्हणजे पुढे प्रत्येक वेळी लंडनकडे बघावे लागणार नाही, असा हिशेब होता. आमच्या मते फाळक्यांचे मोठेपण पहिलेपणाच्या वादापेक्षा या हिशेबात जास्त आहे.

तेव्हा त्यांची परिस्थिती काय होती? वय बेचाळिशीला टेकलेले. पदरी मुलेबाळे. छापखान्याच्या धंद्यात भागीदारांशी बिनसले होते आणि त्यातून ते जवळजवळ रिकाम्या हाताने बाहेर पडले होते. अशात गिरगावात अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर त्यांना राम-कृष्ण दिसू लागले. हे त्यांनीच पुढे 'नवयुग' मासिकातल्या लेखांत लिहून ठेवले आहे. त्यानंतर त्यांनी इतके सिनेमे पाहिले, इतकी जागरणे केली, की डोळे अधू झाले आणि काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली. आपल्यापैकी कोणाच्या घरात असे घडले असते तर, खरे सांगा, लंडनचे तिकीट काढू दिले असते का?

पैसे उभे केले ते आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून. रक्कम सुमारे दहा हजार रुपये. १ फेब्रुवारी १९१२ ला ते मुंबईहून निघाले. लंडनमध्ये ओळखीचे कोणी नाही. पिकॅडिलीच्या भागात फिरताना 'बायोस्कोप' या साप्ताहिकाची पाटी दिसली. हे साप्ताहिक ते मुंबईत वाचत असत. सरळ आत गेले आणि संपादक कॅबोर्न यांना भेटले. हीच त्यांची प्रवेशाची मुलाखत म्हणायची.

आणि कॅबोर्न यांनी काय सांगितले? या फंदात पडू नका. इथे इंग्लंडातच चित्रपट काढणारे किती तरी लोक बुडतात. तुमच्या देशातली हवा तर या कामाला मानवायचीही नाही. उद्देश चांगला, सल्ला अनुभवाचा, अगदी आपल्या बाबांनी द्यावा तसा. पण फाळक्यांशी बोलल्यावर त्यांचे मत बदलले आणि त्यांनी फाळक्यांना वॉल्टन-ऑन-टेम्सला सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले. हेपवर्थ हे त्या वेळचे नावाजलेले निर्माते. 'रेस्क्यूड बाय रोव्हर' हा १९०५ चा कुत्र्याचा चित्रपट त्यांचाच. त्यांनी स्टुडिओतले सगळे विभाग फाळक्यांना उघडे केले आणि चित्रण कसे चालते ते करून दाखवले. फाळके लंडनमध्ये जेमतेम दोन आठवडे होते. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कोऱ्या फिल्मची आणि फिल्मच्या कडांना भोके पाडण्याच्या यंत्राची मागणी नोंदवली आणि १ एप्रिलला मुंबईत परत.

दोन आठवड्यांत कोणी सिनेमा शिकते का? नाही शिकत. शिक्षण आधीच झालेले होते, आणि ही गोष्ट आपल्या मुलांनी आणि त्याहून जास्त आपण पालकांनी नीट पाहण्यासारखी आहे.

२०२६ च्या प्रवेशापासून यूकॅसने अर्जातले जुने सलग निवेदन काढून तीन प्रश्न ठेवले आहेत: हा विषय का निवडला, शाळेतल्या अभ्यासाने त्यासाठी काय तयारी झाली, आणि शाळेबाहेर काय केले. फाळक्यांना हे प्रश्न विचारले असते तर पहिल्याला उत्तर होते गिरगावातला तो खेळ. दुसऱ्याला मुंबईचे जे. जे. स्कूल, जिथे ते १८८५ मध्ये दाखल झाले, आणि नंतर बडोद्याचे कलाभवन, जिथे चित्रकलेबरोबर छायाचित्रण शिकले. तिसऱ्या प्रश्नाला मात्र जागा पुरली नसती. गोध्र्याला फोटो स्टुडिओ. पुराणवस्तू खात्यात नकाशे आणि छायाचित्रांची नोकरी. लोणावळ्याला ठसे आणि रंगीत छपाईचा उद्योग, त्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीची वारी. शिवाय जादूचे प्रयोग, तेही 'प्रोफेसर केळफा' या नावाने; स्वतःचे आडनाव उलटे करून! घरच्यांना त्या त्या वेळी ही सगळी धरसोड वाटली असेल. कॅमेरा हातात आल्यावर यातले काहीच वाया गेले नाही. 'राजा हरिश्चंद्र'पासून त्यांच्या चित्रपटांत दिसणारे चमत्कार जादूगाराचे आहेत आणि चौकट चित्रकाराची आहे.

म्हणून अर्जात "मला लहानपणापासून सिनेमाची आवड आहे" हे वाक्य लिहिणाऱ्या मुलांना आम्ही एवढेच विचारू, की आवड कोणाला नसते? इथल्या बहुतेक चित्रपट अभ्यासक्रमांना काम पाहायचे असते. कुठे दोन-चार मिनिटांची फिल्म मागतात, कुठे छायाचित्रे, कुठे लिहिलेला प्रसंग, आणि मग मुलाखत. फाळक्यांनीही परत आल्यावर भांडवलदाराला भाषण दिले नाही. कुंडीत वाटाणा पेरला, त्याची वाढ रोज थोडी थोडी टिपली आणि महिनाभराची वाढ मिनिटाभरात डोळ्यांसमोर उभी राहील अशी छोटी फिल्म दाखवली. पैसे त्यावर मिळाले.

आता त्या पाचव्या जागेबद्दल. पाचही ठिकाणी एकच निवेदन जाते, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. चार वैद्यकीच्या आणि एक सिनेमाची, असा अर्ज केला की निवेदन वैद्यकीचे होते आणि सिनेमावाल्यांच्या टेबलावर रक्तदाबाची गोष्ट पोचते. घरात तंटा नको म्हणून काढलेला हा तोडगा मुलाचे त्या एका जागेपुरते नुकसान करतोच. घरात काय ते एकदा बोलून, भांडून घ्यावे आणि मग अर्ज भरावा.

हेपवर्थ तरी कुठल्या शाळेत शिकले होते? वडील मॅजिक लँटर्नचे खेळ करत, मुलगा त्यातूनच शिकला आणि १८९७ मध्ये या विषयावर त्याने पुस्तकही लिहिले. तेव्हा शाळाच नव्हत्या. रीजंट स्ट्रीटच्या त्याच पॉलिटेक्निकमध्ये १९३० च्या दशकात चित्रपटाचे शिक्षण सुरू झाले. ती संस्था आज वेस्टमिन्स्टर विद्यापीठ म्हणून ओळखली जाते आणि तिचा चित्रपटाचा पदवी अभ्यासक्रम हॅरोला, म्हणजे आपल्यातल्या कित्येकांच्या घराशेजारी चालतो. लंडन फिल्म स्कूलचे मूळ १९५६ चे. बीकन्सफील्डचे राष्ट्रीय चित्रपट विद्यालय १९७१ चे. या दोन्ही नावांना भुलून बारावीच्या वयाची मुले अर्ज करू पाहतात, पण तिथले मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत, हे आधीच पाहून घ्यावे.

आणि या यादीत आपले पुणे कुठे बसते? स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीने १९५१ मध्ये अहवाल दिला, त्यात चित्रपट शिक्षणसंस्थेची शिफारस होती. १९६० मध्ये प्रभातच्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या जागेत ती सुरू झाली. बीकन्सफील्डच्या आधी अकरा वर्षे! सुट्टीत पुण्याला जाताना प्रभात रोडवरून आपण कितीदा जातो. मुलांना एकदा तरी सांगावे.

शाळा आवश्यकच आहे असेही नाही. आसिफ कपाडिया हॅकनीत वाढलेला, न्यूपोर्ट आणि वेस्टमिन्स्टरला शिकला आणि मग रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेला. उलट 'कोर्ट' करणारा चैतन्य ताम्हाणे कुठल्याच चित्रपट विद्यालयात गेला नाही. दोन्ही वाटा चालू आहेत.

पैशाचे मात्र टाळता येत नाही. फाळक्यांचा कर्जदार दारात उभा राहिला असता. आपल्या मुलांचे विद्यार्थी कर्ज पगारातून कापले जाते आणि पगार ठरावीक मर्यादेच्या खाली असेल तर कापलेच जात नाही. सिनेमाच्या धंद्यातली सुरुवातीची वर्षे पाहता ही सवलत लहान नाही. पण इथे स्थायिक नसलेल्या आणि तीन वर्षांची वस्ती पूर्ण नसलेल्या कुटुंबांना सहसा परदेशी विद्यार्थ्यांची फी पडते, कर्जही मिळत नाही. नव्याने आलेल्यांनी हे विद्यापीठाला लेखी विचारून घ्यावे.

विम्याचे कागद संपले तेव्हा फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाईंचे दागिने निघाले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये लागला त्यामागे त्यांनी दिवसभर मंडळींचा स्वयंपाक केला आणि रात्री फिल्मला भोके पाडली, ती धुतली. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या २००९ च्या चित्रपटात हे गमतीगमतीत येते. घरात सर्वांनी मिळून पाहण्यासारखा आहे, मुलांना इंग्रजी उपशीर्षके पुरतील.

१९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला आले. 'बायोस्कोप'ने कौतुक केले. हेपवर्थ यांनी इथेच राहून चित्रपट काढा म्हणून महिना तीनशे पौंड आणि नफ्यात वाटा देऊ केला. फाळक्यांनी नाही म्हटले आणि ते नाशिकला परतले. तिथे त्यांची माणसे पगाराची वाट पाहत होती. आपल्यातले बरेच जण याच्या उलट निर्णय घेऊन इथे राहिले आहेत, म्हणून यावर आम्ही फार बोलत नाही. हेपवर्थ यांची कंपनी १९२४ मध्ये बुडाली आणि त्यांच्या मूळ फिल्मा चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेल्या. वॉल्टनला आता त्यांच्या नावाचा एक रस्ता आहे, हेपवर्थ वे. वॉटर्लूहून थेट गाडी जाते.