विमान प्रात्यक्षिकांतील अपघात व सुरक्षा

विमानाची क्षमता व वैमानिकाचे कौशल्य प्रेक्षकांना दाखविण्यासाठी कमी उंचीवरून केलेल्या नियोजित उड्डाणांस विमान प्रात्यक्षिके म्हणतात. १९०९ मध्ये फ्रान्समधील रीम्स येथे पहिला मोठा आंतरराष्ट्रीय विमानमेळा भरला. कमी उंचीमुळे चूक सुधारण्यास अवधी मिळत नाही. वैमानिक हा धोका जाणून पतकरतो. प्रेक्षकाला मात्र त्याची क्वचितच कल्पना असते. त्यामुळे अपघात झालाच, तर विमानाचे अवशेष लोकांवर पडू नयेत, हे सुरक्षानियमांचे प्रमुख उद्दिष्ट असते.

ताशी ७२० किमी. वेगाने जाणारे विमान ३ सेकंदांत ६०० मी. अंतर कापते. ते मोडल्यास त्याचे जड भाग मूळ गतीच्या दिशेनेच पुढे फेकले जातात. म्हणून प्रेक्षकांपासूनच्या अंतराइतकेच उड्डाणाच्या दिशेलाही महत्त्व आहे.

६ सप्टेंबर १९५२ रोजी इंग्लंडमधील फार्नबरो येथे द हॅव्हिलँड डीएच ११० या जेट विमानाचे आदिरूप प्रेक्षकांच्या दिशेने वळत असताना हवेतच मोडले. वैमानिक जॉन डेरी, निरीक्षक अँथनी रिचर्ड्‌स व २९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. बहुतेक प्रेक्षकांचा बळी टेकडीवरील गर्दीत येऊन पडलेल्या एंजिनामुळे गेला. त्यानंतर ब्रिटनमध्ये जेट विमानांसाठी सरळ उड्डाणात सु. २१० मी. व कसरती करताना सु. ४१० मी. अंतर, तसेच किमान सु. १५० मी. उंची राखणे बंधनकारक झाले.

हा धडा इतर देशांत मात्र सर्वत्र स्वीकारला गेला नव्हता. २८ ऑगस्ट १९८८ रोजी पश्चिम जर्मनीतील रामश्टाइन तळावर इटलीच्या ‘फ्रेच्चे त्रिकोलोरी’ पथकाने हवेत हृदयाची आकृती काढली. तिला भेदून प्रेक्षकांकडे येणारे एकटे विमान आकृतीतील दोन विमानांवर आदळले व जळत गर्दीत घुसले. तीन वैमानिकांसह ७० जण दगावले. जर्मन व अमेरिकी वैद्यकीय पथकांची शिरेतून द्रव देण्याची साधने परस्परांशी जुळत नसल्याने उपचारांतही अडथळे आले. यानंतर जर्मनीत तीन वर्षे अशा प्रात्यक्षिकांवर बंदी होती. २७ जुलै २००२ रोजी युक्रेनमधील ल्वीव्हजवळ स्क्निलिव्ह येथे एक सुखोई–२७ विमान कमी उंचीवरील कसरतीत जमिनीस घासून गर्दीत शिरले. त्याचे दोन्ही वैमानिक आसनासह बाहेर फेकले गेल्याने बचावले. ७७ प्रेक्षकांचा मात्र बळी गेला. प्रात्यक्षिकांच्या इतिहासातील हा सर्वांत भीषण अपघात होय.

प्रेक्षकांपासूनचे अंतर वाढविले, तरी मैदानाबाहेरील लोकांचा प्रश्न शिल्लक राहतो. ३ मार्च २०१० रोजी हैदराबाद येथे भारतीय नौदलाच्या गोव्यातील ‘सागर पवन’ पथकाचे किरण विमान निवासी इमारतीवर कोसळले व त्यातील दोघेही अधिकारी मरण पावले. २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडमधील शोरम येथे हॉकर हंटर विमान उभ्या वर्तुळाच्या शिरोबिंदूपर्यंत पुरेशा उंचीने पोहोचले नाही, आवश्यक सु. १,०७० मी.ऐवजी ती सु. ८२० मी. होती. विमान महामार्गावर पडून ११ जण दगावले. त्यांपैकी कोणीही प्रदर्शनाच्या मैदानात नव्हते. मैदानातील प्रेक्षकांना सुरक्षित ठेवणारे नियम रस्त्यावरील लोकांना वाचवू शकले नाहीत. त्यानंतर ब्रिटनमध्ये भोवतालच्या परिसरातील धोक्याचे पूर्वमूल्यांकन व वैमानिकांची परवानापद्धती अधिक कडक करण्यात आली.

या नियमांचा बराचसा भाग अपघातानंतर लिहिला गेला आणि एका देशाचा अनुभव दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यास अनेकदा दशके लागली. अंतर, उंची, उड्डाणाची दिशा आणि मैदानाभोवतालची वस्ती या चारही बाबींचा एकत्रित विचार हा आजच्या सुरक्षाव्यवस्थेचा पाया आहे.