जातं, मुसळ आणि ड्रिल

आज बोलायचं आहे एका भोकाबद्दल. हसू नका. भिंतीला पाडायचं साधं भोक, पण त्याच्यामागे मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात बायकाही आहेत.

झालं असं, की आमच्या सालवडच्या गटानं मसाल्याच्या खोलीत लोखंडी फळ्या लावायचं ठरवलं. भिंत विटा-सिमेंटची. खिळा ठोकला की वाकायचा, नाहीतर गिलाव्याचा पोपडा निघायचा. ड्रिलवाले भाऊ आज येतो, उद्या येतो म्हणत राहिले. पावसाळा तोंडावर आला आणि आमचे मसाल्याचे डबे जमिनीवरच. शेवटी गटाच्या पैशातून बॅटरीवर चालणारं हॅमर ड्रिल घेतलं. पहिल्याच दिवशी आमच्यातल्या एकीची ओढणी फिरत्या बिटात गुंडाळली गेली. बटणावरचं बोट पटकन सुटलं म्हणून निभावलं. त्यानंतर ते ड्रिल डब्यात गेलं ते महिनाभर बाहेर आलंच नाही. "हे बायकांचं काम नव्हे" म्हणणाऱ्यांना आयतं कारण मिळालं.

मग आम्ही ठरवलं, की आधी हे यंत्र आलं कुठून आणि कोणाकोणाला लागलं ते समजून घेऊ. मगच पुन्हा हात लावू.

आपल्या आज्यांना ड्रिल कधी लागलंच नाही. घरं कुडाची, कारवीच्या काठ्यांना शेणमातीचं लिंपण. टांगायचं काही असलं तर लाकडी खुंटी. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, बोईसरला कारखाने वाढले, चाळी उठल्या, हातात पगार आला आणि भिंती पक्क्या झाल्या. भिंत पक्की झाली तशी ती हट्टीही झाली. तिला आता खुंटी चालेना, खिळा चालेना.

भोक पाडायच्या जुन्या रीती दोनच. लाकडाला फिरवून भोक पडतं, जसं सुतार गिरमिट फिरवतो. दगडाला ठोकून पडतं, जसा पाथरवट छिन्नीवर हातोडा मारतो. आपल्याला या दोन्ही रीती घरातल्याच आहेत. जातं फिरतं, मुसळ ठोकतं. हॅमर ड्रिल म्हणजे जातं आणि मुसळ एका यंत्रात. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी भीती जाते.

आपल्या राज्यात भोकं पाडण्याचं सर्वांत अवघड काम झालं ते बोरघाटात, मुंबई-पुणे रेल्वेसाठी. कामाला १८५६ साली सुरुवात झाली आणि १८६३ साली घाटातून गाडी धावली. पंचवीस बोगदे, तेही काळ्या कातळातून. यंत्र नव्हतं. एकानं पहार धरायची, दुसऱ्यानं घण घालायचा, प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची. म्हणजे तिथंही ठोकणं आणि फिरवणंच. भोक पुरेसं खोल गेलं की त्यात दारू भरून सुरुंग उडवायचा. काम ऐन भरात असताना तिथं चाळीस हजारांहून जास्त माणसं राबत होती. पटकीसारख्या साथींनी कितीतरी जण तिथंच गेले.

याच घाटात १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस हिनं कंत्राट सोडलं नाही. ते स्वतःच्या नावावर घेतलं, दोन इंजिनियर कामावर ठेवले आणि घाट पुरा करून घेतला. ती साहेबाची बायको होती, हातात पैसा होता, हे खरं. कातळ फोडला तो आपल्याच मजुरांनी. पण सुरुंगाच्या कामावर बाईची सही चालली, हेही तितकंच खरं.

त्याच सुमाराला युरोपात आल्प्स डोंगरातल्या मोठ्या बोगद्यात हवेच्या दाबावर चालणारं ड्रिल आलं. ते १८६१ पासून वापरात होतं. घण थांबला, काम झपाट्यानं होऊ लागलं. पण यंत्राबरोबर दोन नवी दुखणी आली, आणि ती आजही आपल्याला लागू आहेत.

पहिलं दुखणं धुळीचं. घणानं भोक पाडताना धूळ हळूहळू निघायची. यंत्रानं तिचा लोटच उठू लागला. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात १९३०-३१ साली हॉक्स नेस्ट नावाचा बोगदा खणला. तिथल्या खडकात सिलिका खच्चून भरलेली होती. सिलिका म्हणजे वाळूत असते तीच. पाणी मारत भोक पाडलं असतं तर धूळ बसली असती, पण घाईपायी कोरडंच पाडलं. शेकडो मजूर फुप्फुसं दगडासारखी होऊन मेले. त्यांत बहुतेक काळे मजूर होते, पोटासाठी लांबून आलेले. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो एकदा झाला की बरा होत नाही. आपल्या विटेत, वाळूत, सिमेंटच्या गिलाव्यात हीच सिलिका असते. दोन-चार भोकांनी कोणी मरत नाही, पण ज्या बाईला हे काम रोज करायचं आहे तिनं ही गोष्ट विसरू नये.

दुसरं दुखणं थरथरीचं, आणि ते जगापुढे मांडलं ते दुसऱ्या एका ॲलिसनं. डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन. १९१८ साली इंडियाना राज्यात चुनखडीचा दगड घडवणाऱ्या कामगारांना तिनं तपासलं. ते हवेवर चालणारा हातोडा धरून काम करायचे. थंडीत सकाळी त्यांची बोटं पांढरी पडायची, बधिर व्हायची, शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नसे. हा दोष थरथरणाऱ्या हत्याराचा आणि थंडीचा आहे, असं तिनं मांडलं. पुढच्याच वर्षी ती हार्वर्ड विद्यापीठात शिकवू लागली. तिथली ती पहिली बाई अध्यापक.

विजेचं ड्रिल आलं १८८९ साली, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला. ते जागेवरून हलत नव्हतं. १८९५ साली जर्मनीत फाइन बंधूंनी हातात धरता येणारं ड्रिल केलं. १९१७ साली ब्लॅक अँड डेकर कंपनीला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटानं दाबायचं बटण यांचं पेटंट मिळालं. आपल्या हातातल्या ड्रिलचा आकार तोच आहे. जातं-मुसळाची जोडी विजेवर आणली ती बॉश कंपनीनं, १९३२ साली. भिंतीत बसणारी गिट्टीही त्याच काळातली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमची भिंत न फोडता विजेचं सामान बसवायचं होतं, तेव्हा १९११ च्या सुमारास रॉलिंग्ज नावाच्या कंत्राटदारानं ती काढली. पहिली गिट्टी प्लॅस्टिकची नव्हती, तागाची होती.

बॅटरीचं ड्रिल १९६१ साली आलं. दहा वर्षांनी, १९७१ साली, ॲपोलो १५ चा डेव्हिड स्कॉट असं ड्रिल घेऊन थेट चंद्रावर उतरला. आणि तिथं ते अडकलं! भोकातला चुरा बाहेर काढणाऱ्या खाचा सांध्यावर नीट जुळत नव्हत्या, म्हणून चुरा आतच साचला. शेवटी दोघा अंतराळवीरांनी जोर लावून नळी ओढून काढली. आमच्या खोलीतही बिट असंच अडकलं होतं. म्हणजे आम्ही काही फार अडाणी नव्हतो.

लिथियमची हलकी बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि २००५ च्या सुमारास ड्रिलमध्ये बसली. बोरघाटात दोन माणसांच्या दंडात जे बळ होतं, ते आता मुठीत आलं. आता जोर लावायचा नाही, रीत सांभाळायची. रीतीत आपण कोणाला हार जातो का?

तर ती रीत अशी.

आधी पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा, बांगड्या उतरवा. सैल हातमोजे घालू नका, तेही गुंडाळतात. डोळ्यांना चष्मा, नाकातोंडाला एन-९५ मास्क, कानात बोळे. नुसता पदर नाकाला लावून सिलिका अडत नाही.

मग भिंत बघा. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली किंवा त्याच उंचीला आडव्या रेषेत भोक पाडू नका, तिथून वायर गेलेली असते. नळाच्या रेषेतही तसंच. शंका असली तर मेन स्विच बंद करा. बॅटरीचं यंत्र आहे म्हणून शॉक बसत नाही, हा गैरसमज आहे. वीज भिंतीतल्या वायरमध्ये असते.

बिट बदलताना बॅटरी काढून ठेवा. वीट-सिमेंटसाठी टोकाला टंगस्टन कार्बाइड असलेलं बिट घ्या. सहा मिलिमीटरची गिट्टी असेल तर सहाचंच बिट. गिट्टीपेक्षा थोडं जास्त खोल भोक लागतं, तेवढ्या अंतरावर बिटाला चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे कुठं थांबायचं ते कळतं. हातोडीची खूण असलेलं बटण फक्त वीट, दगड, सिमेंटसाठी. लाकूड, पत्रा, टाइल यांना नुसतं फिरवणं. टाइलच्या मागे भिंत असेल तर टाइल पार झाल्यावरच ठोकणं सुरू करा, नाहीतर टाइल तडकते.

पाय पक्के रोवून उभ्या राहा. दोन्ही हातांनी धरा, बाजूची मूठ असेल तर ती लावा. बिट भिंतीला सरळ ठेवा. सुरुवात सावकाश, खळगा पडला की वेग वाढवा. अंगाचा भार टाकू नका. आत दोन चकत्यांचे दात एकमेकांवरून घसरतात आणि मिनिटाला हजारो ठोके बसतात, ते त्यांना करू द्या. मध्येमध्ये बिट फिरतंच ठेवून बाहेर काढा, चुरा निघू द्या. चंद्रावरची गोष्ट आठवा. बिट एकदम अडून राहिलं, तर बहुधा सळई लागली आहे. हट्ट करू नका, जागा बदला. कॉलम आणि बीम यांना शक्यतो हात लावू नका.

भोकाच्या खाली कागदाचा खिसा चिकटवा, धूळ त्यात पडते. राहिलेली झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. जास्त भोकं असतील तर दोघींनी आळीपाळीनं पाडा. बोटांना मुंग्या येऊ लागल्या की थांबा. बॅटरी तिच्याच चार्जरवर लावा, चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका. फुगलेली बॅटरी परत वापरू नका, कचऱ्यात किंवा आगीत टाकू नका.

आमच्या फळ्या आता भिंतीला आहेत. २०१८ च्या नोव्हेंबरपासून आपल्या जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हापासून भांड्यांची उंच मांडणी भिंतीला नीट आवळलेली असणं हा नुसता सोयीचा प्रश्न राहिलेला नाही. गटाच्या वहीत आम्ही एक पान ठेवलं आहे. ड्रिल कोणी नेलं, कधी परत आणलं, चष्मा-मास्क सोबत दिला का. मास्क दिल्याशिवाय ड्रिल द्यायचं नाही आणि एकटीनं वापरायचं नाही, हे दोन नियम सगळ्यांनी मान्य केले आहेत.

ओढणी अडकली होती ती ताई आता सगळ्यांत सरळ भोक पाडते. सुरू करण्याआधी ती प्रत्येकीचा पदर तपासते, अगदी सासूबाईंचासुद्धा. तुमच्या गटात ड्रिल असेल तर डब्यातून बाहेर काढा. नसेल तर आमच्याकडे येऊन बघून जा.