पार्सर जनरेटर

एखाद्या भाषेच्या वाक्यरचनेचे नियम लिहून दिले असता त्यांनुसार वाक्याची फोड करणारी आज्ञावली (पार्सर) तयार करून देणारी संगणकीय आज्ञावली. पार्सरचे काम शालेय व्याकरणातील वाक्यपृथक्करणासारखे असते. मात्र येथील वाक्य म्हणजे बहुधा संगणकीय भाषेतील आज्ञा किंवा ठरावीक साच्यातील नोंद असते.

प्रारंभी पार्सर हातानेच लिहावे लागत. जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ मध्ये पूर्ण केलेल्या फोर्ट्रानच्या पहिल्या संकलकाला (भाषेचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला) सु. १८ मनुष्यवर्षे लागली. भाषेचे नियम मोजक्या चिन्हांत मांडण्याची पद्धती बॅकस यांनी १९५९ मध्ये सुचविली आणि पीटर नाऊर यांनी ती अल्गॉल ६० या भाषेच्या अहवालात वापरली. पाणिनीच्या सूत्रांशी तिचे साम्य पाहून पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ मध्ये तिला ‘पाणिनी-बॅकस’ नाव द्यावे असे सुचविले. ते रूढ झाले नाही. साम्यही मर्यादितच आहे, कारण अष्टाध्यायीतील पुष्कळ सूत्रे संदर्भावर अवलंबून असतात, तर या पद्धतीतील नियम संदर्भनिरपेक्ष असतात.

वाक्य डावीकडून उजवीकडे एकदाच वाचून फोडण्याची रीत डॉनल्ड क्नूथ यांनी १९६५ मध्ये सिद्ध केली. तिच्यासाठी लागणारी कोष्टके फार मोठी होत. ती आटोपशीर करण्याचा मार्ग फ्रँक डीरेमर यांनी १९६९ मध्ये दाखविला. त्याच आधारावर बेल प्रयोगशाळेतील स्टीव्हन जॉन्सन यांनी ‘यॅक’ हा जनरेटर रचला व १९७५ च्या अहवालात त्याचे वर्णन केले. नावाचा अर्थ ‘आणखी एक संकलक-संकलक’ असा विनोदी आहे. अशा साधनांचे तेव्हा पीकच आले होते.

नियम आणि यंत्रणा वेगळी ठेवण्याचा लाभ एका काल्पनिक उदाहरणावरून कळेल. ‘मु. पो. तेर, ता. जि. धाराशिव’ या पत्त्यात तालुका व जिल्हा यांचे नाव एकच असल्याने ते एकदाच लिहिले आहे. परंड्याच्या पत्त्यात ती दोन वेगळी येतात. ‘ता.’नंतरचे एकच पद पाहून, म्हणजे ‘जि.’ आहे की नाव, पार्सर योग्य नियम निवडतो. २०२३ मध्ये जिल्ह्याचे व तालुक्याचे नाव उस्मानाबादऐवजी धाराशिव झाले. जुन्या कागदांवर मात्र पूर्वीचेच नाव आहे. हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये अशा बदलासाठी अनेक ठिकाणे शोधावी लागू शकतात. जनरेटर वापरल्यास नियमांच्या फाइलीत एक पर्याय वाढवून पार्सर नव्याने निर्माण करणे पुरते.

हे काम युनिक्स प्रणालीत एका ओळीच्या आज्ञेने होते. ‘यॅक’पुढे नियमांच्या फाइलीचे नाव टंकले की सी भाषेतील पार्सरची फाइल तयार होते. ‘डी’ हा विकल्प दिल्यास पदांच्या संकेतांची वेगळी फाइल व ‘व्ही’ दिल्यास कोष्टकांचा वाचनीय तपशील मिळतो. निर्माण झालेल्या फाइलीत हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी पुसली जाते. म्हणून बदल मूळ नियमांतच करावयाचा असतो. स्टुअर्ट फेल्डमन यांच्या ‘मेक’ (१९७६) या साधनामुळे कोणती फाइल बदलली हे पाहून आवश्यक तेवढ्याच आज्ञा आपोआप दिल्या जाऊ लागल्या.

खरा धोका संदिग्ध नियमांत असतो. ‘जर अ तर जर आ तर इ, नाहीतर ई’ यातील ‘नाहीतर’ कोणत्या ‘जर’चे? यॅक ते जवळच्या ‘जर’ला जोडतो, संघर्षांची केवळ संख्या कळवितो आणि पार्सर तयार करतो. ती सूचना दुर्लक्षिली, तर अभिप्रेत नसलेला अर्थ बिनतक्रार स्वीकारला जाऊ शकतो. अशा वेळी ‘व्ही’चा कंटाळवाणा वाटणारा तपशीलच उपयोगी पडतो.

पुढे रॉबर्ट कॉर्बेट यांनी ‘बायसन’ लिहिला व रिचर्ड स्टॉलमन यांनी तो यॅकशी सुसंगत केला. टेरेन्स पार यांचा ‘अँटलर’ वरून खाली फोड करीत जातो. पोस्टग्रेस या विदासंचय प्रणालीत बायसन वापरात आहे. जीसीसी या संकलकसंचाने मात्र सी++ साठी २००४ मध्ये व सी साठी २००६ मध्ये बायसन सोडून हाताने लिहिलेला पार्सर स्वीकारला.